घाटातील चाकाची पकड

इगतपुरी मागे पडून गाडी कसारा घाट उतरू लागली की आपण फराळाचा डबा उघडतो. चालक मात्र नेमका त्याच वेळी सावरून बसतो. मोटारीचे एक चाक रस्त्याला टेकते ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. अशा चार तळहातांवर सारे कुटुंब, ट्रंका आणि चकल्या घाट उतरत असतात. त्या जागेला पकड किती, याचा अंदाज माणसाने कसकसा बांधला, त्याची ही हकीकत.

अंदाजाची रीत सोपी आहे. वर्गात मी फळीवर जुन्या टायरचा तुकडा ठेवतो आणि एका मुलाला फळीचे टोक हळूहळू उचलायला सांगतो. तुकडा घसरू लागला की थांबायचे, आणि फळीच्या उंचीला जमिनीवरच्या आडव्या अंतराने भागायचे. अंतर ५० इंच, उंची २० इंच भरली, तर पकड ०.४०. मग तीच फळी ओली करून वर चिमूटभर माती टाकतो. तुकडा किती लवकर सुटतो ते पाहून मागच्या बाकावरची मुलेही पुढे येतात! येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: चढाचे माप आणि पकडीचे माप एकाच जातीचे आहे.

आपल्या घाटात हा हिशेब प्रथम पडला तो रेल्वेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाट १८६५ साली खुला झाला. ते काम आखणारा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले १८६२ सालीच वारला होता. चढ ३७ फुटांत एक फूट, म्हणजे ०.०२७. आकडा क्षुल्लक वाटतो खरा, पण लोखंडावर लोखंड धरते ते थोडकेच, आणि पकड मिळते ती फक्त इंजिनाच्या वजनावर. ओढायची मात्र सारी गाडी. पाऊस पडला की चाके जागीच फिरतात. म्हणून रुळावर वाळू सोडायची आणि मागून आणखी इंजिने रेटायला लावायची. कसाऱ्याला गाडी थांबते ती या मदतीसाठी.

पुढचा धडा विलायतेत मिळाला. १८७८ साली कॅप्टन डग्लस गॅल्टन याने ब्रायटनच्या रेल्वेवर उपकरणे लावलेला डबा पळवून ब्रेकची परीक्षा घेतली. निष्कर्ष चमत्कारिक होता. ब्रेक करकचून आवळला आणि चाक फिरायचेच थांबून घसरू लागले, की गाडीला मिळणारा रोध वाढत नाही, उलट एकदम घटतो! आजच्या मोटारींतले चाक अडकू न देणारे ब्रेक याच अनुभवावर उभे आहेत.

रस्त्यांच्या हिशेबाशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच, १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीचे अध्यक्ष होते. त्या समितीच्या शिफारशींतून १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस जन्मली. तिच्या कोष्टकात ताशी ५० किलोमीटर वेगाला पकड ०.३७ धरली आहे. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत अडीच सेकंद, म्हणजे सुमारे ३५ मीटर. पुढे थांबायला २७. एकूण साधारण ६० मीटर. उतारावर उताराचा आकडा पकडीतून वजा करायचा. पकडच निम्मी झाली, तर २७ चे ५४ मीटर होतात. वळणापलीकडे तेवढा रस्ता मोकळा असेलच असे कोण सांगणार?

आणि ती निम्मी होते केव्हा? भर आषाढात नव्हे, तर पहिल्या सरीला. उन्हाळाभर सांडलेले तेल आणि साचलेली धूळ यांचा त्या सरीत चिखल होतो. पुढचा जोराचा पाऊस तो धुऊन नेतो.

आमच्या वाड्यात मालमोटार हाकणारे एक दादा राहत. कोष्टक त्यांनी कधी पाहिले नव्हते. मृगाच्या पहिल्या पावसात ते घाटमाथ्यावर उतरत, चपलेचा तळ रस्त्यावर दोनदा घासत आणि क्लीनरला म्हणत, "आज घाटाला साबण लागलाय रे." मग ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये ते उतरायला लागत. मागचे कितीही भोंगे वाजवोत.