कवकजन्य रोगांचे प्रयोगशालेय निदान : एक ऐतिहासिक टिपण

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, वेल्हे परिसरातील पासलीसारख्या गावी भातलावणी म्हणजे दिवसचे दिवस चिखलात उभे राहणे होय. ‘चिखल्या’ व ‘गजकर्ण’ हे शब्द तेथे कोणास समजावून सांगावे लागत नाहीत. तथापि रोगाचे नाव ठाऊक असणे आणि त्याचे कारण ठाऊक असणे या भिन्न गोष्टी आहेत. बोटांच्या बेचक्यांत कुजलेली त्वचा कवकामुळे कुजली की जीवाणूमुळे, हे नुसत्या डोळ्यांनी नेहमीच ठरविता येत नाही. हा भेद करणारी विद्या कशी घडली, याचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबई इलाख्यातच लिहिला गेला.

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर हा ‘ग्रेज ॲनॅटमी’ या ग्रंथाचा चित्रकार. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, म्हणजे 1858 मध्ये, तो मुंबईस आला व ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. पुढे तो भोरपासून फार दूर नसलेल्या साताऱ्यासही सिव्हिल सर्जन होता. पाय सुजून त्यास अनेक छिद्रे पडावीत व त्यांतून बारीक कण स्रवावेत, असा रोग मदुरेकडील डॉक्टरांनी 1840 नंतरच्या दशकात वर्णिला होता. कार्टरने ते कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले व 1860 च्या सुमारास हा रोग कवकजन्य असल्याचे प्रतिपादिले. ‘मायसेटोमा’ हे नाव त्याचेच. काळे कण व फिकट कण हा भेदही त्याने नोंदविला.

परंतु येथेच एक शिकण्याजोगी घटना घडली. जतन केलेल्या एका नमुन्यावर तांबूस बुरशी उगवली. इंग्लंडातील कवकशास्त्रज्ञ बर्कले याने तिला कार्टरच्या नावावरून नाव दिले आणि रोगाचे कारण सापडले असे काही काळ वाटले. पुढे ही बुरशी बाहेरून आलेली ठरली. नमुन्यावर जे उगवते ते रोगाचे कारण असेलच असे नाही, हा धडा आजही प्रत्येक प्रयोगशाळेस गिरवावा लागतो.

1894 मध्ये व्हँसाँ याने फिकट कणांतून एक सूक्ष्मजीव वाढविला. तो खरे कवक नसून तंतुमय जीवाणूंच्या वर्गातील होता. त्याच सुमारास पॅरिसमध्ये साबूरो कवकांसाठी शर्करा व पेप्टोनयुक्त आम्लधर्मी माध्यम सिद्ध करीत होता. 1913 मध्ये पिनॉय याने मायसेटोमाचे कवकजन्य व जीवाणुजन्य असे दोन गट स्पष्टपणे वेगळे केले. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. जीवाणुजन्य प्रकार प्रतिजैविकांनी पुष्कळदा बरा होतो. कवकजन्य प्रकारात दीर्घकाल औषध, शस्त्रक्रिया व प्रसंगी पाय कापणेही आले. रोग्याचा पाय राहणार की जाणार, हे काही अंशी एका कणाच्या परीक्षणावर अवलंबून असते.

त्वचेच्या साध्या रोगांतही निदानाचे मोल कमी नाही. खरवडलेल्या त्वचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा 10 ते 20 टक्के द्राव घातला की त्वचेच्या पेशी विरघळून कवकतंतू दिसू लागतात. स्टेरॉइडमिश्रित मलमांनी गजकर्णाचे बाह्यरूप पालटते, खाज थांबते, पण कवक वाढतच राहते. 2020 मध्ये वर्णिलेल्या ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ या कवकाचे अनेक वाण टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधास दाद देत नाहीत, आणि त्याची निश्चित ओळख जनुकीय परीक्षणावाचून पटत नाही.

2021 मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. तेथे संवर्धनाची वाट पाहण्यास अवकाश नव्हता, शिवाय ते पुष्कळदा निष्फळही ठरते. रुंद, जवळजवळ पडदेविरहित तंतू त्याच दिवशी दाखविणारा सूक्ष्मदर्शकच प्रथम उपयोगी पडला. कार्टरचे साधन दीड शतकानंतरही निरुपयोगी झालेले नाही.

मग पासलीच्या शेतकऱ्यास या विद्येचा लाभ कसा व्हावा? त्वचेची खरवड कोरड्या कागदाच्या घडीत ठेवली तर दीर्घकाळ टिकते; तिला बर्फ लागत नाही की शीतगृह लागत नाही. म्हणजे नमुना सहज प्रवास करू शकतो. अडचण अंतराची तितकी नाही. मलम देण्यापूर्वी खरवड घेण्याची सवय नाही, ही आहे. ती सवय तालुक्याच्या दवाखान्यात रुजविणे, हे या इतिहासाने आपणांवर सोपविलेले कार्य होय.