एका औषधाची कसोटी

नवें औषध निघालें कीं त्याच्याभोंवतीं दोन प्रकारचे लोक जमतात. एक म्हणतात, आतां हा रोग गेलाच. दुसरे म्हणतात, हें विष आहे, तें गाडून टाका. ह्या दोघांच्या गलबल्यांत तिसरा एक मनुष्य बहुधा विसरला जातो; तो म्हणजे रोगी. हें विस्मरण किती महाग पडतें, हें एल्. एस्. डी. ह्या द्रव्याच्या इतिहासावरून चांगलें कळून येतें. आपल्याकडे हें नांव बहुतेकांस पोलिसांच्या धाडींच्या बातम्यांतूनच ठाऊक असतें. परंतु एके काळीं तें रुग्णालयांतलें औषध होतें, आणि अलीकडे त्याच्या जातीच्या द्रव्यांवर पुन्हां संशोधन चालू झालें आहे. मधल्या काळांत काय घडलें, ह्याचा थोडा विचार वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राय नांवाच्या धान्याच्या कणसांवर अर्गट नांवाची बुरशी पडते. ती पोटांत गेल्यामुळें मध्ययुगीन युरोपांत पुष्कळ लोक भयंकर व्याधींस बळी पडले. आणि तीच बुरशी बेताबेतानें देऊन तेथील सुइणी अडलेल्या बाळंतिणीस सोडवीत. स्वित्झर्लंडांत बाझल येथील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट हॉफमन हे रसायनशास्त्रज्ञ ह्या बुरशींतील द्रव्यांपासून औषधें करण्याच्या उद्योगांत होते. १९३८ सालीं त्यांच्या हातून एल्. एस्. डी. प्रथम तयार झालें. जनावरांवर त्याचा विशेष गुण दिसला नाहीं, म्हणून तें बाजूस पडलें. १९४३ च्या एप्रिलांत त्यांनीं तें पुन्हां केलें, तेव्हां त्याचा अंश नकळत अंगांत जाऊन त्यांस चमत्कारिक दृश्यें दिसूं लागलीं. तीन दिवसांनीं, १९ एप्रिल रोजीं, त्यांनीं जाणूनबुजून एका मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा घेतला. युद्धामुळें मोटारींवर निर्बंध होते, म्हणून ते सायकलीवरून घरीं निघाले. वाटेंत सारें जग वांकडेंतिकडें झालें. दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकीण भासली. आपणांस वेड लागलें असें त्यांस वाटलें. आणि डॉक्टर येऊन पाहतो तों डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत, ह्यापलीकडे शरीरांत कांहींच बिघाड नाहीं! एवढ्याशा कणानें मनाची एवढी उलथापालथ होते, तर ही वस्तु मनोरोगचिकित्सकांच्या कामाची असली पाहिजे हें ओळखून कंपनीनें ‘डेलिसिड’ ह्या नांवानें ती संशोधकांस पुरविण्यास आरंभ केला.

तिची खरी परीक्षा झाली ती मात्र फार दूर, कॅनडांतील सस्कॅचेवान प्रांतांत. गव्हाच्या अफाट शेतांच्या ह्या प्रदेशांत वेबर्न नांवाचें लहानसें शहर आहे; तेथें १९२१ सालीं एक प्रचंड मनोरुग्णालय उघडलें होतें. १९५१ सालीं हंफ्री ऑस्मंड हे इंग्रज डॉक्टर तेथें आले, व त्यांस त्याच प्रांतांतील एब्रॅम हॉफर हे सहकारी मिळाले. दारूच्या व्यसनानें बुडालेल्या रोग्यांचा प्रश्न त्यांच्यापुढें होता. ह्या दोघांच्या ध्यानांत असें आलें होतें कीं, दारू एकाएकीं तुटल्यावर जो भयंकर भ्रम होतो, त्यांतून वांचलेले कांहीं लोक पुढें दारूस शिवत नाहींत. मग तसाच भ्रम डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, जिवास धोका न होतां, एल्. एस्. डी. नें उत्पन्न केला तर? भीति हेंच औषध, अशी ही कल्पना होती. १९५३ सालीं दोन रोग्यांपासून प्रयोगास सुरुवात झाली.

परंतु प्रत्यक्षांत घडलें तें उलटेंच. ज्यांचें व्यसन सुटलें, ते भीतीनें सुधारले नव्हते. आपण आजवर काय करीत आलों तें प्रथमच स्वच्छ दिसलें, अशा अर्थाचें ते बोलत. डॉक्टरांनीं आपली मूळ कल्पना सोडून रोग्यांचें म्हणणें खरें मानलें, ही गोष्ट त्यांस भूषणावह होय. पुढें त्यांनीं उपचाराची रीतच बदलली. खोली शांत आणि प्रसन्न, जवळ संगीत, आणि दिवसभर शेजारीं बसणारा, रोग्याच्या ओळखीचा मनुष्य, अशी व्यवस्था झाली. रोग्यास कशांतून जावें लागतें हें कळावें म्हणून कित्येक डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं स्वतः तें औषध घेऊन पाहिलें. अशा द्रव्यांस १९५७ सालीं ऑस्मंड ह्यांनीं ‘सायकेडेलिक’, म्हणजे मन प्रकट करणारें, हें ग्रीक घडणीचें नांव जाहीरपणें दिलें. उपचार केलेल्या व्यसनी रोग्यांपैकीं सुमारें निम्म्यांस गुण आला, असें त्यांच्या मंडळीनें प्रसिद्ध केलें.

येथेंच कसोटीचा प्रश्न उभा राहिला. टोरांटोच्या संशोधकांनीं विचारलें: गुण आला तो औषधानें, कीं प्रसन्न खोलीनें आणि डॉक्टरांच्या उत्साहानें? प्रश्न अगदीं रास्त होता. त्यांनीं तीस रोग्यांचे तीन गट केले. एकास एल्. एस्. डी. दिलें, दुसऱ्यास इफेड्रिन हें वेगळेंच औषध दिलें, तिसऱ्यास दोन्हींपैकीं कांहींच दिलें नाहीं. आणि औषधाचा निखळ गुण पाहावयाचा म्हणून रोग्यांस खाटेशीं पट्ट्यानें बांधून ठेवलें. १९६६ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, एल्. एस्. डी. चा म्हणून कांहीं जास्त उपयोग दिसत नाहीं. ऑस्मंड-हॉफर ह्यांच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, ही परीक्षाच नव्हे. बांधून घातलेला मनुष्य काय आत्मपरीक्षण करणार? शस्त्रक्रियेचा गुण पाहण्यासाठीं कोणी ती मुद्दाम घाणेरड्या खोलींत करीत नाहीं.

आमच्या मतें दोन्ही बाजूंस अर्धें सत्य होतें. वेबर्नच्या डॉक्टरांनीं रोगी ओळखला, परंतु तुलनेस दुसरा गट ठेवण्याची दक्षता पुरेशी घेतली नाहीं; टोरांटोच्या डॉक्टरांनीं तुलना केली, परंतु ती करतांना उपचारच मोडून टाकला. ह्या दोहोंचा मेळ घालणारी तिसरी परीक्षा सावकाश करणें हा खरा मार्ग होता. परंतु तितका धीर कोणासच उरला नव्हता.

कारण तोंवर हें औषध रुग्णालयाबाहेर पडलें होतें. हार्वर्ड विद्यापीठांतील टिमथी लिअरी ह्यांस १९६३ सालीं नोकरीवरून काढण्यांत आलें, आणि ते तरुण वर्गांत ह्या द्रव्यांचे प्रचारक बनले. दुसरीकडे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानें १९५३ पासून चालविलेल्या प्रयोगांत कित्येकांस न सांगतां तें पाजण्यांत आलें. हें पाप लोकांस कळलें तें पुष्कळ वर्षांनीं. मेक्सिकोंत माझातेक लोकांची मारिया साबिना ही वैदू बाई अळंब्यांच्या रात्रविधींत रोग्याजवळ जागत व गात बसे. १९५५ सालीं गॉर्डन वॉसन ह्या अमेरिकन गृहस्थास तिनें त्यांत बसूं दिलें. दोन वर्षांनीं त्यांनीं ती हकीकत छापली, आणि परक्यांच्या झुंडींनीं तिचें गांव भरून गेलें. पुढें तिचें घर जाळण्यांत आलें. त्याच अळंब्यांतून हॉफमन ह्यांनीं १९५८ सालीं सिलोसायबिन हें द्रव्य वेगळें काढलें.

उन्मादाची लाट आली तशी भयाचीही आली. १९६६ सालीं सँडोझनें पुरवठा बंद केला. १९७० सालीं अमेरिकेनें ह्या द्रव्यांस वैद्यकीय उपयोग नसलेल्या वर्गांत घातलें. १९७१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि आपल्या देशांतही १९८५ च्या कायद्यानें तीं निषिद्ध झालीं. रस्त्यावरील धिंगाणा आवरण्यास कायदा हवाच होता. परंतु त्याबरोबर प्रयोगशाळांचीं दारेंही बहुतेक लागलीं. औषध निरुपयोगी ठरून बंद झालें असें नव्हे. तें ठरण्यापूर्वींच बंद झालें.

ह्याचा पुरावा १९७० नंतर बेचाळीस वर्षांनीं पुढें आला. नॉर्वेंतील तेरी क्रेब्स व पोल-ऑर्यान योहान्सेन ह्या संशोधकांनीं जुन्या कागदांतून दारूच्या व्यसनावरील, नीट तुलना केलेल्या सहा परीक्षा निवडल्या. त्यांत मिळून ५३६ रोगी होते. एल्. एस्. डी. घेतलेल्यांपैकीं शेंकडा ५९ जणांस, तर इतरांपैकीं शेंकडा ३८ जणांस गुण आला होता, असें त्यांनीं २०१२ सालीं दाखवून दिलें. हा फायदा सहा महिन्यांपर्यंत दिसे. वर्षअखेर तो खात्रीनें सांगण्याजोगा राहत नसे. म्हणजे औषध अद्भुत नव्हतें, पण टाकाऊही नव्हतें. एवढें मोजकें सत्य कळावयास इतकीं वर्षें लागलीं, आणि त्या अवधींत दारूनें किती संसार उद्ध्वस्त झाले असतील!

आतां पुन्हां वारें फिरलें आहे. २०१६ सालीं अमेरिकेंत, बाल्टिमोर येथें ५१ व न्यूयॉर्क येथें २९ कर्करोग्यांवर, सिलोसायबिननें मृत्यूच्या छायेंतील त्यांची चिंता व विषण्णता कमी होते काय ह्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. निष्कर्ष उत्साहवर्धक होते. २०२२ सालीं, इतर औषधांस न जुमानणाऱ्या विषण्णतेच्या २३३ रोग्यांवरील परीक्षेंत २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनें तीन आठवड्यांनीं शेंकडा ३७ जणांस ठळक गुण दिसला, तर एका मिलिग्रॅमच्या नाममात्र मात्रेनें शेंकडा १८ जणांस. आत्महत्येचे विचार मात्र सर्वच गटांतील कांहीं रोग्यांत आढळले. २०२३ च्या जुलैपासून ऑस्ट्रेलियानें अधिकृत मनोरोगचिकित्सकांस मर्यादित परवानगी दिली. उलट, मनावरील जुन्या आघातांच्या विकारासाठीं पुढें केलेल्या एम्. डी. एम्. ए. ह्या निकटच्या द्रव्यास अमेरिकेच्या औषध खात्यानें २०२४ च्या ऑगस्टांत संमति नाकारली. आपणांस खरें औषध मिळालें कीं खोटें, हें रोग्यास घेतांक्षणींच कळतें. मग गुण औषधाचा कीं आशेचा हें कसें ठरवावें, ही त्या चर्चेंतली एक मोठी अडचण होती. टोरांटोचा जुना प्रश्न तो हाच.

आपल्याकडील ज्या घरांत असा रोगी आहे, त्या घरांस अशा बातम्यांचें महत्त्व सांगावयास नको. चारचौघांत न सांगतां येणारें हें दुःख उराशीं धरून बसलेल्या मातापित्यांस ‘एका गोळीनें बरा’ असें कोणी म्हटलें तर तें खरें वाटावें हें स्वाभाविक आहे. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, घरीं किंवा चोरून मिळविलेल्या गोळींत ह्यांतलें कांहींच नाहीं. त्यांत शेजारीं बसणारा जाणता मनुष्य नाहीं, आणि कायद्याचा धोका व जिवाचा धोका मात्र आहे. आणि हीं द्रव्यें नुसतीं पापरूप आहेत असें मानणाऱ्यांसही आमची विनंति आहे कीं, परीक्षेचें दार बंद करूं नका. वेबर्नच्या त्या रोग्यांनीं डॉक्टरांची समजूत खोटी पाडली, ती त्यांचें बोलणें ऐकून घेणारा कोणी होता म्हणून. औषध टिको अथवा न टिको, ती ऐकण्याची संवय टिकली पाहिजे.