गुरूच्या आभाळातली शीळ

श्रोतेहो, वळवाच्या दिवसांत रेडिओ ऐकताना एक अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना आला असेल. आभाळ भरून येते, दूर कुठेतरी वीज चमकते आणि त्याच क्षणी रेडिओत 'खर्र' होते. गडगडाट मागाहून येतो, खरखर मात्र विजेबरोबरच. घरातले कुणीतरी ओरडते, "बंद कर रे ते, काही ऐकू येईना!" आणि आपण रेडिओचा कान पिळतो.

पण खरे सांगायचे तर ती खरखर म्हणजे विजेनेच धाडलेला निरोप असतो. अशाच एका नकोशा आवाजाची हकीकत मी आज तुम्हांला सांगणार आहे. त्याची पहिली मोठी नोंद झाली ती युद्धाच्या खंदकात. आणि पुढे साठ वर्षांनी त्यानेच साक्ष दिली, की गुरू ग्रहावरही वीज कडाडते.

पहिल्या महायुद्धात हाइनरिख बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांकडे एक विलक्षण काम आले होते. शत्रूचे टेलिफोनवरचे बोलणे चोरून ऐकायचे! रणांगणावरच्या तारांतली थोडी वीज जमिनीत झिरपते. म्हणून जमिनीत दूर दूर दोन खुंट्या रोवायच्या, त्यांना तारा जोडायच्या, आवाज मोठा करणारे यंत्र लावायचे आणि कान देऊन बसायचे. पण कधी कधी बोलणे राही बाजूला आणि भलतीच शीळ कानी पडे. उंच स्वरात सुरू व्हायची आणि खाली खाली उतरत विरून जायची: 'पिऽऽऊ'. शिपाई म्हणत, तोफगोळे उडताना ऐकू येताहेत! बार्कहाउझेन यांना कोडे सुटले नाही, पण त्यांनी तो आवाज टाकूनही दिला नाही. १९१९ साली त्यांनी त्याची छापील नोंद केली.

त्या कोड्याचे नीट उत्तर मिळाले १९५३ साली. केंब्रिजमधील ओवेन स्टोरी या तरुण संशोधकाने दाखवून दिले, की ही शीळ विजेचीच आहे. पण मग 'खर्र' न होता शीळ का होते? त्यासाठी एक दाखला घेऊ.

समजा, जत्रेहून पंचवीस बैलगाड्या एकाच वेळी निघाल्या. वाट चार पावलांची असेल, तर सगळ्या एकदमच वेशीत शिरतील. पण वाट लांबची आणि चिखलाची असेल, तर तगड्या बैलांच्या गाड्या आधी पोचतील, बाकीच्या मागाहून एकेक येत राहतील. विजेचेही तसेच आहे. ती कडाडते तेव्हा उंच आणि खालच्या स्वरांच्या लहरी एकदमच निघतात. त्यांतल्या काही पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून हजारो किलोमीटर वर जातात. लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला, की कागदावर ज्या रेघा उमटतात, तशाच या रेषा. त्या वाटेवर प्लाझ्मा असतो, म्हणजे ज्यात अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा, तेथे अतिशय विरळ असलेला वायू. हाच आपल्या वाटेवरचा चिखल! त्यातून उंच स्वर लवकर पार होतात, खालचे स्वर रेंगाळतात. म्हणून एका क्षणाच्या कडकडाटाची लांबलचक शीळ होते. आणि गंमत अशी, की ती किती लांबली यावरून वाटेतल्या प्लाझ्माचा अंदाज बांधता येतो.

आता आपण गुरूकडे वळू. ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेने 'व्हॉयेजर-१' हे यान सोडले आणि ५ मार्च १९७९ रोजी ते गुरूच्या सर्वांत जवळ आले. जवळ म्हणजे काय, तर मेघांपासून सुमारे २ लाख ८० हजार किलोमीटर! हे यान ग्रहाभोवती फिरत राहणारे नव्हते. ते शेजारून सुसाट पुढे निघून जायचे होते. काय ऐकायचे ते त्या वाटेवरच ऐकून घ्यायचे. मागे वळून पुन्हा विचारायची सोय नव्हती.

त्या यानावर प्लाझ्मातील लहरी मोजणारे एक यंत्र होते. त्याचे प्रमुख फ्रेडरिक स्कार्फ, आणि आयोवा विद्यापीठाचे डोनाल्ड गर्नेट त्यांचे सहकारी. यंत्राचे कान म्हणजे यानातून बाहेर आलेल्या दहा-दहा मीटरांच्या दोन दांड्या, एकमेकींशी काटकोन केलेल्या. तुम्ही विचाराल, तेथे हवा नाही, मग आवाज कसला? बरोबर आहे. तेथे आवाज नसतोच. असतात त्या विजेच्या लहरी. पण त्यांतल्या पुष्कळ लहरी सेकंदाला जितके हेलकावे घेतात, तितक्या हेलकाव्यांचा आवाज आपल्या कानाला कळतो. म्हणून हे यंत्र त्या लहरींची सेकंदाला २८,८०० मापे घेऊन पृथ्वीवर धाडी. येथे ती मापे ध्वनिक्षेपकावर लावली, की ऐकू येत.

आयो या गुरूच्या चंद्राच्या कक्षेभोवती प्लाझ्माचे एक मोठे कडे आहे. यान तेथून जात असताना घेतलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हा काय सापडले? तीच शीळ! उंचावरून खाली उतरणारी. खंदकातल्या शिपायांनी ऐकली होती, तिचीच बहीण. अर्थ उघड होता. खाली गुरूच्या मेघांत वीज कडाडली होती आणि तिचा निरोप चुंबकीय रेषेवरून येथवर आला होता. यानाच्या कॅमेऱ्यानेही गुरूच्या रात्रीच्या बाजूला विजेचे लखलखाट टिपले. डोळ्यांनी पाहिले आणि कानांनीही तेच सांगितले. दोन साक्षी जुळल्या. पृथ्वीखेरीज दुसऱ्या ग्रहावरही आभाळ गरजते, याचा भक्कम पुरावा माणसाच्या हाती आला.

कथा तेथे संपली नाही. 'जुनो' हे यान २०१६ साली गुरूभोवती फिरू लागले. त्याने टिपलेल्या १,६०० हून अधिक शिळांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसले, की गुरूवरच्या वादळांत विजा पडण्याचा वेग आपल्या वादळांशी तुलना करण्याजोगा आहे.

गुरुजनहो, आता एकच सांगतो. बार्कहाउझेन यांना हवे होते शत्रूचे बोलणे, आणि शीळ होती त्यातली अडचण. ती 'काहीतरी बिघाड असेल' म्हणून सोडून दिली असती, तर कोण काय म्हणणार होते? पण उत्तर ठाऊक नसतानाही त्यांनी प्रश्न लिहून ठेवला, म्हणून पुढच्यांना तो सोडवता आला. वर्गात एखादे पोर उठून विचारील, "गुरुजी, वीज चमकली की रेडिओ का खरखरतो?" तेव्हा त्याला खाली बसवू नका. त्याचा प्रश्न फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहा, आणि पुसू नका.