‘असे का?’ या प्रश्नाची मराठी वाटचाल

भिलाईच्या मे महिन्यात घरोघरी माठाभोवती ओले फडके गुंडाळलेले दिसते. ही रीत कोणी शिकवली, हे कोणालाच सांगता येत नाही. आजी करते म्हणून आई करते, आई करते म्हणून मुलगी करते. त्याच मुलीच्या पाठ्यपुस्तकात बाष्पीभवनाचा धडा असतो, त्यात ‘अप्रकट ऊष्मा’ हा शब्द असतो, आणि परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्नही येतो. मात्र माठावरचे फडके आणि धड्यातली अप्रकट ऊष्मा ही एकच गोष्ट आहे, हे तिच्या ध्यानात येईलच असे नाही. घरातले जाणतेपण आणि पुस्तकातले ज्ञान यांची गाठ घालून देणारे लेखन मराठीत पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ होत आले आहे. त्याचा इतिहास आपल्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना सांगावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

माठाचा हिशेब आधी पुरा करू. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते आणि बाहेरच्या कोरड्या हवेत उडून जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. उलट एक ग्रॅम पाणी एका अंशाने निवायला अवघी एक कॅलरी काढून घ्यावी लागते. म्हणजे वाटीभर, समजा १५० ग्रॅम, पाणी उडाले तर हिशेबाने साडेआठ लिटर पाणी १० अंशांनी गार व्हावे. बाहेरची उष्णता आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात ते तितके होत नाही, पण पुष्कळ होते. जुना माठ गार पाणी देईनासा होतो, कारण पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रे बुजतात. यात अवघड असे काहीच नाही. मात्र हे कोणीतरी घरच्या भाषेत सांगावे लागते.

मराठीत असे सांगण्याचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांपासून धरावा लागेल. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले, हे आपण सारे जाणतो. त्यांच्या ‘दिग्दर्शन’ या १८४० साली निघालेल्या मासिकाची आठवण मात्र फारशी निघत नाही. इतिहास, भूगोल यांच्या जोडीने पदार्थविज्ञान आणि रसायन हे विषय मराठी वाचकापुढे मांडणारे हे पहिले मासिक. ज्या काळी या विषयांना मराठीत नीट नावेही नव्हती, त्या काळी एल्फिन्स्टनमधला हा तरुण प्राध्यापक वाचकाला निसर्गाचे व्यवहार समजावून देत होता. तो १८४६ साली ऐन तारुण्यात गेला. चार वर्षांनी, १८५० मध्ये, ‘मराठी ज्ञानप्रसारक’ निघाले आणि तो धागा पुढे चालू राहिला. त्याच सुमारास लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे नाताळच्या सुटीत मुलांपुढे व्याख्याने देत असत. १८६०–६१ च्या हिवाळ्यात एका मेणबत्तीच्या ज्योतीवरून त्यांनी मुलांना अख्खे रसायनशास्त्र दाखवले. इंग्रजीत हे काम जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ करत होता. आपल्याकडे ते बहुतांशी शिक्षकांनी केले, आणि एक शिक्षिका म्हणून मला याचा अभिमान वाटतो.

या शिक्षकांमध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे नाव मी सर्वांत वर ठेवीन. १८५३ साली कोकणातल्या मुरूड येथे जन्मलेल्या दीक्षितांजवळ विश्वविद्यालयाची पदवी नव्हती. शाळा चालवत, मुले आणि भावी शिक्षक यांना शिकवत त्यांनी आयुष्य काढले. १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’ने त्यांची कीर्ती विद्वानांत पसरली, त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेला त्यांचा भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथही निघाला. परंतु त्यांच्या पुस्तकांतले माझे आवडते ‘ज्योतिर्विलास’. त्याला त्यांनी ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले. विज्ञानाला ‘मौज’ म्हणण्याचे धैर्य त्या काळातल्या एका शाळामास्तराने दाखवले! अंगणात बाज टाकून आकाश पाहणाऱ्या माणसाला हाताशी धरून ते तारे दाखवत जातात. पंचेचाळिशीतच, १८९८ साली, त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातले बाळाजी प्रभाकर मोडक हे त्यांचे समकालीन. त्यांनी मराठीत शास्त्रीय पुस्तके लिहिली आणि प्रयोगांसह व्याख्याने दिली. पुढे १९२८ साली पुण्यातून निघालेल्या ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने हा वसा घेतला.

आपल्या छत्तीसगडातही ही परंपरा आली, पण वेगळ्या वेषात. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक वामनराव लाखे, तिघेही मराठी घरांतले. मासिक मात्र हिंदी, कारण वाचक हिंदी होता. नागरी प्रचारिणी सभेने वैज्ञानिक शब्दकोश करायला घेतला तेव्हा अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम सप्रे यांनी केले. ज्याला शिकवायचे त्याच्या भाषेत शिकवावे, हे या तिघांनी आचरणातून दाखवले. आपल्या मुलांशी मराठीत बोलणाऱ्या शाळेचा आधारही तोच विचार आहे, म्हणून येथे त्यांचे स्मरण केले.

त्यानंतर भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ रोजी पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती, ही गोष्ट नव्या पिढीला सांगितली की ती चकित होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ पश्चिमेकडे गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. पण नागपूर, वर्धा, अमरावतीकडची माणसे कामासाठी इकडे येतच राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, आणि रोजच्या विज्ञानाचे एक विशाल दालनच आपल्या दाराशी उघडले.

जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, तापलेली धातुमळी ओतली की रात्रीचे आभाळ तांबूस होई. भट्टीवर काम करणारी माणसे लोखंडाच्या रंगावरून त्याचा ताप ओळखत: आधी काळसर तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे, आणि त्याहूनही तापले की पांढरेशुभ्र. हाच नियम ताऱ्यांनाही लागू आहे. हिवाळ्यात मृग नक्षत्राकडे पाहावे. त्याच्याजवळची तांबूस आर्द्रा पृष्ठभागावर सुमारे साडेतीन हजार अंश तापलेली आहे, तर निळसर पांढरा राजन्य सुमारे बारा हजार अंश. न्हाणीघरातल्या नळावर लाल म्हणजे गरम आणि निळे म्हणजे गार. आकाशात ते नेमके उलट. दीक्षितांची दोन घटका मौज आणि प्लांटमधल्या बाबांची रात्रपाळी अशा एका वाक्यात येतात.

दुसरी गोष्ट रुळांची. भिलाईचे रूळ देशभर गेले, आणि नागपूरला आजोळी जाताना त्यांचा आवाज आपण सर्वांनी ऐकला आहे. पूर्वी १३ मीटरचा एकेक रूळ जोडत आणि दोन रुळांमध्ये थोडी फट ठेवत. चाक त्या फटीवरून गेले की ‘खटक’ असा आवाज येई. फट ठेवण्याचे कारण प्रसरण. रुळाचे तापमान ५० अंशांनी वाढले तर १३ मीटरचा रूळ सुमारे ८ मिलिमीटरने लांबतो. हे शाळेत शिकवले जातेच. पण आता भिलाईतून १३० मीटर लांबीचे अखंड रूळ निघतात, तसे दोन जोडून २६० मीटरचे केले जातात आणि ते पुढे एकमेकांना सांधून मैलोगणती सलग मार्ग होतो. मग उन्हात हा मार्ग लांबत कसा नाही? एक किलोमीटर मोकळा रूळ तेवढ्याच तापमानवाढीत ६० सेंटिमीटर लांबेल! उत्तर असे की त्याला लांबू दिलेच जात नाही. जड काँक्रीटचे स्लीपर, घट्ट पकडी आणि खालची खडी त्याला जागच्या जागी धरून ठेवतात. लांबण्याची ओढ रुळाच्या अंगात ताण होऊन राहते. म्हणूनच कडक उन्हाळ्यात रेल्वेचे कर्मचारी मार्गावर विशेष नजर ठेवतात. आजोबांची गाडी वाजत गेली आणि नातवाची गाडी जवळजवळ मुकाट्याने जाते, यामागे एवढे शास्त्र आहे.

आपली शाळा ज्या दशकात उभी राहिली, त्याच दशकात, २४ एप्रिल १९६६ रोजी, मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे आद्याक्षरे उलटी केलेले जयंत विष्णू नारळीकर होते, हे नंतर कळले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, ‘पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करीन.’ मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या अनेक ग्रंथांइतकीच ही पोस्टकार्डे मला मोलाची वाटतात. आपल्या जुन्या मध्य प्रदेशातही असा एक उपक्रम होता. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला; त्यात ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक गृहस्थाला मुले पत्रे लिहीत आणि जाणकार मंडळी त्यांना उत्तरे देत. २००२ साली तो कार्यक्रम शासनाने बंद केला. तो चालू राहायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज पहिलीच्या वर्गात पूर्वीइतकी मुले येत नाहीत, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या शिक्षणाची भाषा वेगळी, म्हणून आधीपासूनच ती भाषा, असा विचार करणाऱ्यांना मी दोष देत नाही. उत्तर तर आता फोनवर क्षणात मिळते. परंतु प्रश्न आधी घरात उमटतो, न्हाणीघरात, ओट्याजवळ, आजीच्या मांडीवर. तो विचारायला मुलाजवळ त्या घराची भाषा उरली नाही, तर तो विचारलाच जात नाही, आणि आजीला जे ठाऊक आहे तेही तिच्याबरोबर जाते.

कार्यालयाबाहेर आम्ही प्रश्नांसाठी एक पेटी ठेवली आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्यात अर्धी हिंदी, अर्धी मराठी चिठ्ठी निघाली: ‘कूलर बरसातीत थंड का करत नाही?’ सातवीच्या मुलांनी फळ्यावर उत्तर लिहिले. मे महिन्यात भिलाईची हवा कोरडी असते, कूलरच्या ताट्यांतले पाणी झपाट्याने उडते आणि हवेतली उष्णता घेऊन जाते. जुलैत हवेत आधीच भरपूर बाष्प असते, म्हणून पाणी फारसे उडत नाही; खोलीतला दमटपणा मात्र वाढतो. अशा वेळी पंप बंद करावा, नुसता पंखा चालू ठेवावा आणि खिडकी उघडावी.