दोर, तेल आणि भांडार

यंत्रखरेदीचा इतिहास आपल्या दप्तरांत बहुधा रकमांच्या रूपाने शिल्लक राहतो. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला कृषियंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मध्य भारतातील जमिनींत खोलवर मुळे रोवून बसलेले कांस गवत उखडून त्या पुन्हा लागवडीखाली आणावयाच्या होत्या. केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेकडे त्यासाठी अवजड क्रॉलर ट्रॅक्टर आले. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत या खर्चामागची निकड स्पष्ट होती. मला मात्र रकमेपेक्षा यंत्राच्या नियंत्रणाची कथा अधिक बोधप्रद वाटते, कारण त्याच सुमारास जगभर क्रॉलर ट्रॅक्टर तारेच्या दोराकडून तेलाच्या दाबाकडे वळत होते.

अमेरिकेतील रॉबर्ट लेटूर्नो यांनी १९२८ च्या सुमारास दोरनियंत्रणाचे यंत्र प्रचारात आणले. ट्रॅक्टरच्या मागे इंजिनाच्या शक्तीवर फिरणारा ढोल असे. चालकाने खटका ओढला की क्लच लागून दोर गुंडाळला जाई व पुढचे पाते वर उचलले जाई. खटका सोडला की ब्रेक पाते धरून ठेवी, आणि ब्रेक सैल केला की ते खाली येई. पण खाली येताना त्याला केवळ स्वतःच्या वजनाचा आधार होता. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. कठीण जमिनीवर पाते नुसतेच घसरत जाई.

द्रवचालित व्यवस्थेने ही मर्यादा दूर केली. पंप टाकीतील तेल दाबाखाली झडपेकडे पाठवतो आणि झडप ते सिलिंडरच्या एका किंवा दुसऱ्या बाजूस सोडते. दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोग्रॅम दाब १०० चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर पडला, तर सुमारे ७ टनांचे बळ मिळते. पाते उचलणे, स्थिर धरणे, खाली दाबणे आणि जमिनीच्या चढउतारांवर मोकळे तरंगू देणे, ही चारही कामे एकाच खटक्याने होऊ लागली.

तरीही मोठ्या यंत्रांवर दोर १९६० च्या दशकापर्यंत टिकला. याला जुन्या सवयीचा हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. झिजलेला दोर डोळ्यांना दिसतो आणि तुटल्यास शेताच्या बांधावरही बदलता येतो. तेलाचे तसे नाही. धुळीचा कण झडपेत शिरून ओरखडा पाडतो, तेल आतल्या आत झिरपते आणि बाहेर थेंबही न दिसता उचललेले पाते हळूहळू खाली येते. अशा वेळी चालकाचा अनुभव पुरेसा पडत नाही. स्वच्छ तेल, वेळेवर बदललेली गाळणी, योग्य मापाचे सील आणि दाब मोजणारा प्रशिक्षित माणूस लागतो.

माझ्या मते प्रशासनाच्या दृष्टीने या बदलाचे मर्म येथे आहे. दोराच्या काळात यंत्राची विश्वासार्हता बव्हंशी चालकाच्या हातात होती. तेलाच्या काळात ती भांडारात, कार्यशाळेत आणि नोंदवहीत गेली. दहा रुपयांच्या सीलसाठी मागणीपत्र महिनोन्‌महिने फिरत राहिले, तर लाखोंचे यंत्र उघड्यावर उभे राहते, आणि लेखापरीक्षणात तो दोष यंत्राच्या नावे लिहिला जातो.

ही गरज आपल्या देशाने ओळखली नव्हती असे नाही. १९५५ साली नर्मदेच्या उत्तर तीरावर, मध्य प्रदेशातील बुधनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. १९६४ साली स्थापन झालेल्या भारत अर्थ मूव्हर्सने पुढे जपानच्या कोमात्सूच्या सहकार्याने क्रॉलर डोझर देशातच बनवले. पहिल्या पावलाने माणूस घडवला, दुसऱ्याने सुटे भाग जवळ आणले. दोन्हींची किंमत मूळ खरेदीच्या रकमेत दिसत नाही.

म्हणून कोणत्याही यंत्राचा खरेदी-प्रस्ताव समोर आला की त्याच्या अश्वशक्तीआधी मी एक रकाना शोधतो : सुटे भाग कोठून येणार, आणि दुरुस्ती कोण करणार? तो रकाना रिकामा असेल, तर प्रस्ताव अपुरा आहे असेच समजावे.