तीन प्रवाशांसाठी बत्तीस तास

फेब्रुवारी 1942मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई वाट मधोमध तुटली. लष्करी टपाल तर पोहोचायलाच हवं होतं. उरला हिंदी महासागर. पर्थच्या स्वान नदीपासून सिलोनमध्ये गॉलजवळच्या कोग्गला तलावापर्यंत सुमारे 5,650 किलोमीटर सलग पाणी. वाटेत इंधन भरायला सुरक्षित असा एकही थांबा नाही.

1943च्या मध्यापासून क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीच्या वैमानिकांनी ही वाट चालती केली. त्यांच्याकडे होती पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी पाच कॅटलिना विमानं. त्यांना नावं दिली होती वाट दाखवणाऱ्या ताऱ्यांची: अल्टेअर, व्हेगा, रिगेल, अँटारेस आणि स्पायका, म्हणजे आपले श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा. ती नावं नुसती हौसेची नव्हती. जपान्यांना सुगावा लागू नये म्हणून विमानातून रेडिओवर चकार शब्द काढायची मुभा नव्हती. दिशादर्शक अधिकारी सेक्स्टंटमधून तारे पाही, त्यांची उंची मोजून गणित मांडी, आणि त्या गणितावर विमान पुढे जाई.

खरी ओढाताण वजनाची होती. इतका पल्ला एका दमात गाठायचा तर जवळजवळ नऊ हजार लिटर इंधन सोबत न्यावं लागे. त्यासाठी विमानातलं जे जे काढता येईल ते काढलं गेलं. पंखांवरचं बर्फ हटवणारी यंत्रणाही गेली. तरीही उड्डाणाच्या वेळी वजन सोळा टनांच्या आसपास जाई. सुरुवातीचे कित्येक तास दोनपैकी एक इंजिन बंद पडलं असतं, तर दुसऱ्याच्या जोरावर हवेत तरंगत राहणं शक्यच नव्हतं. एवढा खटाटोप करून जागा उरे ती फक्त तीन प्रवाशांना आणि 69 किलो टपालाला.

वेग ताशी 200 किलोमीटरच्या आसपास. वाऱ्याच्या मर्जीप्रमाणे प्रवासाला 27 ते 33 तास लागत. जपानी टापूजवळून रात्रीच्या अंधारात निसटता यावं, अशी निघण्याची वेळ ठरवलेली असे. त्यामुळे एकाच उड्डाणात सूर्य दोनदा उगवताना दिसे. प्रवाशांना ‘सीक्रेट ऑर्डर ऑफ द डबल सनराइज’चं प्रमाणपत्र मिळे. जुलै 1945पर्यंत अशा 271 फेऱ्या झाल्या आणि त्यांत एकही माणूस दगावला नाही. पाच माणसांच्या त्या चमूंचं कसब याहून वेगळ्या शब्दांत सांगायची गरज नाही.

युद्ध संपलं आणि ही विमानं ज्या कराराखाली मिळाली होती त्याच्या अटींमुळे ती समुद्रात बुडवण्यात आली. त्यांतलं एखादं तरी जपायला हवं होतं.

डिसेंबर 1947मध्ये क्वांटासची सिडनी-लंडन सेवा सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीत 29 प्रवासी होते. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत विमान सुमारे चार दिवसांत लंडनला पोहोचलं. मार्च 2018मध्ये त्याच कंपनीच्या बोइंग 787ने पर्थहून उड्डाण केलं आणि सुमारे 14,500 किलोमीटर कापून ते थेट लंडनला उतरलं. लागले सुमारे 17 तास. आता सिडनीहून लंडनला विनाथांबा जाण्याची तयारी चालू आहे. त्या मोहिमेला कंपनीने नाव दिलंय ‘प्रोजेक्ट सनराइज’.