नखाची कोर

फ्रेंच मॅनिक्युअर परतले आहे. ठाण्याच्या गोखले रोडवर काय, डोंबिवलीच्या फडके रोडवर काय, फिकट गुलाबी नखांच्या टोकाला ती पांढरी रेघ पुन्हा दिसू लागली. नाव फ्रेंच, पण जन्म अमेरिकेतला: १९७५च्या सुमारास नखरंग बनवणाऱ्या जेफ पिंक यांनी हॉलिवूडच्या नट्यांसाठी कोणत्याही पोशाखावर शोभेल अशी ही रंगरीत रूढ केली आणि पुढे पॅरिसला नेली. उलट, १९५२पासून आपल्याकडे असलेल्या 'लॅक्मे' या प्रसाधनांचे नाव वाटते फ्रेंच, आणि आहेही. पण ते ज्यावरून आले त्या फ्रेंच संगीतकार दलीबच्या १८८३च्या ऑपेरातली नायिका म्हणजे आपली लक्ष्मीच.

नखाचे गोत्र मोठे आहे. संस्कृत 'नख', फारसी 'नाखून', लॅटिन 'उंग्विस', ग्रीक 'ऑनिक्स' ही सगळी एकाच कुळातली. ऑनिक्स या खड्यालाही नखासारख्या रंगछटेवरूनच नाव पडले असावे. न्हाव्याच्या धोकटीतली 'नराणी' ही 'नखहरणी'पासून आलेली दिसते. हिंदीत तीच 'नहरनी'. स्वतः न्हावी मात्र नखाचा नव्हे, न्हाण्याचा; पालीतला 'नहापित' तेच सांगतो. 'नखरा'ही नखाचा नव्हे. तो सरळ फारसीतून आला, जरी रंगवलेली बोटे पाहून तसा भास झाला तरी.

आता त्या पांढऱ्या रेघेला मराठीत काय म्हणावे? मला 'कोर' हाच शब्द नेमका वाटतो. लुगड्याची कोर, कोरभर भाकरी, चंद्राची कोर: कड आणि कडेचा बारीक तुकडा, दोन्ही अर्थ त्यात नांदतात. गुजराती-हिंदीतही 'कोर' म्हणजे कड. संस्कृतात चंद्रकोरीच्या टोकाला 'कोटि' म्हणतात, म्हणून मूळ तिथे शोधण्याचा मोह होतो. पण मराठीत 'ट'चा सहसा 'ड' होतो (घोटक-घोडा, वट-वड), 'र' नव्हे. त्यापेक्षा 'कोरणे' जवळचे असावे, आणि त्याच्या शेजारी कन्नडचे 'कोरे', म्हणजे कापणे, टोकरणे. कोरून निघाली ती कोर! पार्लरमध्ये भुवया कोरतातच. नखाने तेवढे मागे का राहावे?

१९३०च्या दशकात पाश्चात्त्य बायका उलटी रीत पाळत: नखाच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्राकृती मोकळी ठेवून बाकीचे नख रंगवत. त्या भागाचे लॅटिन नाव 'लुनुला', छोटा चंद्र. वात्स्यायनाने नखक्षतांच्या प्रकारांत 'अर्धचंद्र' सांगितला आहे, तो मात्र नखावरचा नव्हे, नखाने उमटलेला. म्हणजे नख आणि चंद्र यांची सांगड दोन संस्कृतींना स्वतंत्रपणे सुचली असावी. आणि चंद्राची कोर मिरवणे आपल्याला नवे नाही: १९९९पासून डोंबिवलीत निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेत नऊवारीतल्या मुलींच्या कपाळी चंद्रकोर असतेच.

तेव्हा मुळाशी 'चंद्र' आणि टोकाला 'कोर' असे दोन शब्द वापरून पाहावेत. तुमच्याकडे नखाच्या पांढऱ्या कडेला वेगळा शब्द असेल, तर जरूर कळवा.